पांझरेचं सासर

धामणखेड्याच्या फाट्यावर समाधानचं मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. लोक विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी आणून टाकायचे, समाधान त्यांचं पोट उघडून काळी पडलेली तार काढायचा आणि नवी भरायचा. त्या दिवशी सकाळी दुकानासमोर एक पिकअप थांबली आणि तिच्यातून त्याचा थोरला भाऊ लोटन उतरला, तेव्हा समाधानला वाटलं, बोरपाड्याच्या पाणीपुरवठ्याची मोटार पुन्हा जळाली. पण लोटनच्या डोक्याला फेटा होता. मागून उतरलेल्या माणसांच्या डोक्यावर टोप्या, खांद्यावर कोरे टॉवेल. एकाच्या हातात नारळ.

"काय व्हयनं, नाना?" समाधाननं पक्कड खाली ठेवली. "मोटार जयनी का?"

"मोटार नही. सोयरीक लई उनूत."

"कोनी?"

"चाल तुन्हा सासराकडे. तठेच सांगसू."

लोटन बोरपाड्याचा सरपंच. चाळिशी उलटली तरी लग्न नाही, आणि त्यात त्याचा एकट्याचा दोष नव्हता. बोरपाड्यात कित्येक वर्षांत एकाही मुलाचं लग्न जमलं नव्हतं. डोंगराच्या पायथ्याचं गाव, जमीन कोरडवाहू. मुलीचा बाप यायचा, पोहे खायचा, चहा प्यायचा, 'कळवतो' म्हणून जायचा तो कायमचाच. समाधानचं तेवढं जमलं, कारण धामणखेड्याच्या चुडामण आबांना एकुलत्या एका मुलीसाठी, ज्योतीसाठी, घरजावई हवा होता. समाधान सासरी राहायला आला आणि बोरपाड्यानं त्याचं नाव टाकलं. त्याची आई भिकुबाई धामणखेड्याच्या शिवेत पाय ठेवीना. "लोक आंडेर देतस," ती शेजारणींना सांगायची, "मी आंडोर दिधा." लोक मुलगी देतात, मी मुलगा दिला. ज्योती दिवाळीला एक दिवस सासरी जायची, सासूच्या पाया पडायची. सासू 'सुखी राह्य' म्हणायची आणि चुलीकडे तोंड फिरवायची.

चुडामण आबा दारापुढच्या खाटेवर बसून मोबाइलवर कपाशीचे भाव ऐकत होते. पाहुण्यांना पाणी दिलं, चहा आला. लोटननं नारळ आबांसमोर ठेवला.

"आबा, तुमनी पोर मांगाले उनूत."

आबांनी मोबाइल बंद केला. "मन्ही एकच पोर शे, सरपंच. आन ती तुन्हा भाऊलेच दियेल शे."

"ती नही. पांझरा."

"कोन पांझरा?"

"नदी," लोटन म्हणाला. "आमना बोबड्यासाठी."

बोबड्या म्हणजे बोरपाड्याचा नाला. चिंचटेकाच्या खडकाखालून तो पाझरत निघतो, गावाला वळसा घालतो, गोट्यांवरून लहान मूल बोबडं बोलावं तसा आवाज करत खाली येतो, हमरस्त्याच्या मोरीतून जातो आणि धामणखेड्याच्या महादेवाजवळ पांझरेला मिळतो. पांझरा पडली मोठी नदी. पिंपळनेरकडून येते, धुळ्यात देवपूरला खेटून जाते, पुढे तापीत. तिच्यासमोर बोबड्या म्हणजे कुठल्या झाडाचा पाला!

घडलं होतं ते असं. बोरपाड्याला अभिमन महाराज आले होते. महाराज पूर्वी एसटीत कंडक्टर होते, निवृत्त झाल्यावर त्यांना साक्षात्कार झाला. त्यांनी गावातल्या बिनलग्नाच्या गड्यांची गर्दी पाहिली, मग एकटेच नाल्याच्या काठानं पांझरेपर्यंत चालत गेले आणि परत येऊन पारावर बसले. "तुमचा नाला हा पुरुष," ते म्हणाले. "नदी ही बाई. हा गडी पिढ्यानपिढ्या रोज उठून तिच्याकडे जातो. यांचं लग्न लागलंय का? नाही ना लागलं? मग तुमच्या पोरांची लग्नं कशी लागतील? गावातला सगळ्यात थोरला अजून बिनलग्नाचा, आणि वर हे असले धंदे!"

गावाला ते एकदम पटलं. इतके दिवस कारणच सापडत नव्हतं, आता सापडलं होतं.

हे सगळं ऐकून आबा खाटेवरून हसत हसत खाली पडतील, अशी समाधानची खात्री होती. आबा हसले नाहीत. त्यांनी आयुष्यात एकाच मुलीचं लग्न लावून दिलं होतं, तेही जावई घरात आणून. मुलीच्या बापाला जी ऐट करायला मिळते, स्थळ पाहायला जायचं, खोड काढायची, पाहुण्यांना ताटकळत ठेवायचं, ती त्यांना कधी करायला मिळालीच नव्हती. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"पोऱ्या दखना पडी," ते म्हणाले.

मग एक दिवस धामणखेड्याची जाणती माणसं मुलगा पाहायला निघाली. सोबत लोटन, आणि दोन्हीकडचा म्हणून समाधान. महादेवापासून सुरुवात करून सगळे नाल्याच्या काठानं वर चालू लागले. नाला बऱ्यापैकी वाहत होता, कडेच्या लव्हाळ्यात बगळे उभे होते.

"काय करस पोऱ्या?" आबांनी विचारलं.

"व्हास."

"बारा महिना?"

लोटन खाकरला. "पोळापावत जोरमा शे. दिवायीलेबी बरा राहस. मंग..."

"मंग काय?"

"मंग घरच राहस."

"दारू पेस का?"

"तो नही पेत, आबा. त्यालेच बठ्ठा पेतस."

हे उत्तर आबांना आवडलं. पण हमरस्त्याच्या वर डाव्या बाजूनं दोन बारके ओहोळ येऊन नाल्याला मिळत होते, तिथं ते थबकले. डोळे बारीक करून म्हणाले, "ह्या दोन कोना? याले पहिली बायको व्हती का?"

"नही हो! चुलत भाऊ शेतस."

पुढे सिमेंटचा बंधारा लागला. मधोमध भेग गेलेली, तिच्यातून पाण्याची धार निसटत होती. "आन हाई काय?"

"ऑपरेशन व्हयेल शे," लोटन म्हणाला. "आते बरा शे."

धापा टाकत सगळे चिंचटेकाला पोचले. खडकाखाली परातीएवढा ओला डाग, त्यातून पाणी उमलल्यासारखं वर येत होतं. आबा गुडघ्यावर बसले, बोट बुडवून जिभेला लावलं, डोळे मिटले.

"खानदान साफ शे," त्यांनी निकाल दिला.

बैठक महादेवाच्या सभामंडपात बसली. दोन्ही गावं लोटली. अभिमन महाराजांनी राशी काढल्या. बोबड्याची वृषभ, पांझरेची कन्या. "रासच कन्या आहे, आणखी काय पाहिजे?" महाराज म्हणाले. मार्गशीर्षातला मुहूर्त निघाला, जेवणाला वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी ठरली, टोपी-टॉवेल कुणी कुणाला द्यायचे तेही ठरलं. इतकं सुरळीत चाललं होतं की धामणखेड्यातल्या एकाला राहवलं नाही. तो हसत म्हणाला, "पन काय हो, नवरदेव तर रोज उठीसन आमनाच घर येस. म्हंजे हाऊबी घरजवाईच ना!"

धामणखेडं खदखदा हसलं. लोटन ताडकन उभा राहिला.

"बोरपाडाना नाला घरजवाई व्हनार नही. एक गया, तो बस व्हयना!"

समाधान सुपारीचं तबक घेऊन मधोमध उभा होता. कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही, आणि कुणी पाहत नाही हे सगळ्यांना दिसत होतं. बायकांच्या घोळक्यात ज्योती होती, तिनं पदर तोंडाशी धरला. घरजावयाचे विनोद समाधानला नवे नव्हते. कुणी केला की तो स्वतःच आधी हसायचा, म्हणजे समोरच्याची मजा जायची. आज त्याला हसू आणता येईना. लोक पांगायच्या बेतात होते, लोटननं नारळ उचलला होता, तेव्हा समाधानच्याच तोंडून निघून गेलं, "मंग नवरीले सासरी धाडू."

"कशी?" आबा म्हणाले. "नदी काय चढावर चालस?"

"मोटार लावू."

खरं तर तो हे रागानं बोलला होता. पण दोन्ही गावांच्या चेहऱ्यांवर उजेड पडला, आणि मग ते मागे घेता येईना.

त्यानंतरचे दिवस समाधानला फार बरे गेले. जो तो आपल्या वावरातले पाइप काढून आणून देत होता. काळे, निळे, पांढरे, जाड, बारीक, सगळे सांधत त्यानं पांझरेच्या डोहापासून चिंचटेकापर्यंत ओळ नेली. एक मोटार डोहावर, दुसरी मोरीजवळ, कारण चढ एका दमात सुटण्यासारखा नव्हता. बोरपाड्यातले लोक, जे इतकी वर्षं त्याला पाहून मान वळवायचे, ते आता 'समाधानभाऊ, चहा' म्हणून हाक मारायचे. त्याला कळत होतं की हा मान मोटारीचा आहे. तरी तो चहा प्यायचा.

लग्न संगमावरच लागलं. वाळूत मांडव, आंब्याच्या पानांचं तोरण, डीजे. नाल्याच्या मुखाशी गुडघाभर पाण्यात उभं राहून दोघांनी धोतराचा अंतरपाट धरला. अलीकडे बोबड्या, पलीकडे पांझरा. पाणी अंतरपाटाखालून खुशाल इकडून तिकडे जात होतं, पण तिकडे कुणी लक्ष दिलं नाही. मंगलाष्टकं झाली, टाळी लागली, अक्षता पडल्या, मासे त्या खायला वर आले. कन्यादान आबांनी केलं. पाण्यावर पाणी सोडताना ते असे हमसून रडले की पोरींना त्यांना धरून बसवावं लागलं. ज्योतीच्या लग्नात ते रडले नव्हते. मुलगी त्याच घरात राहणार म्हटल्यावर रडणार कशाला!

मग पाठवणी. डोहावरच्या स्टार्टरला हळदकुंकू लावून आबांनी हिरवं बटण दाबलं. पाइप थरथरले आणि वरात त्यांच्या कडेकडेनं वर चालू लागली. चिंचटेकावर पाइपाच्या तोंडाशी भिकुबाईनं गव्हानं भरलेलं माप ठेवलं होतं. पाइपातून आधी हवा आली, मग खोकल्यासारखा आवाज, मग चिखल, मग एक बारका मासा उडून पडला. "करवली उनी!" बायका ओरडल्या. आणि पाठोपाठ पांझरा आली ती मापासकट गहू घेऊनच नाल्यात उतरली. भिकुबाईनं पाइपाला कुंकू लावलं.

"ये वं माय," ती म्हणाली. "घर तुन्हंच शे."

पण पाणी पडलं पाणी. ते चिंचटेकावरून निघालं, बोरपाड्याला वळसा घातला, बंधाऱ्याच्या भेगेतून निसटलं, मोरीतून गेलं आणि दिवस मावळायच्या आत धामणखेड्याला परत पांझरेत. लोटनचा आबांना फोन आला.

"आबा, पोर तठे पोचनी का हो?"

"पोचनी. काय व्हयनं, भांडन व्हयनं का?"

"नही हो. उनी आन तशीच चालनी गयी."

"नवी शे," आबा म्हणाले. "सवय व्हई."

सवय काही होईना. समाधान रोज सकाळी लाइट आली की मोटार सुरू करून नवरीला सासरी धाडायचा आणि संध्याकाळी ती माहेरी हजर. बोरपाड्याची माणसं आधी नाराज झाली, मग त्यांच्या लक्षात आलं की ती जाता जाता गावच्या विहिरी भरून जाते. पौष संपला, खडकाखालचा डाग वाळला. दरवर्षी तो त्या दिवसांत वाळायचाच. पण यंदा नाला वाहत राहिला. बायका धुणी घेऊन घाटावर बसू लागल्या, म्हशी पाण्यात लोळू लागल्या.

एकदा समाधान पाइपाची गळती पाहायला वर गेला, तर नाल्यात पाय सोडून त्याची आई बसलेली. मांडीवर सुपात तुरीच्या शेंगा. ती शेंगा सोलत होती आणि पाण्याशी बोलत होती. आज भाकरी कशी करपली, शेजारीण काय म्हणाली, असं सगळं. त्यानं घरी येऊन ज्योतीला गंमत म्हणून सांगितलं.

ज्योती हसली नाही. "नदीशी बोलतात," ती म्हणाली. ती बारावीपर्यंत धुळ्याला शिकलेली, घरात पुस्तकी मराठी बोलायची. "माझ्याशी इतक्या वर्षांत 'सुखी राह्य'च्या पुढे शब्द नाही."

दुसऱ्या दिवशी समाधान मोटारसायकलला किक मारतो तर ती मागे येऊन बसली.

भिकुबाई कालच्याच जागी होती, पाठमोरी. दोघं चार पावलांवर थांबले. म्हातारी सांगत होती, "तू तरी येस वं. मोठी शे एक, ती बापना घरच राहस. दिवायीले येस, पाय पडस, चालनी जास. मी काय वाघीन शे का?"

"तुम्हीच तोंड फिरवता, आत्याबाई," ज्योती म्हणाली.

भिकुबाईचे हात थांबले. तिनं मागे वळून पाहिलं नाही. पाण्याकडेच बघत म्हणाली, "तोंड नही फिरावू ते काय करू? मन्हा आंडोर तुन्हा बापनी लई लिधा."

"तुमचा मुलगा तिकडे सुखात आहे. पण तुमची आठवण काढत नाही असा दिवस नाही. जेवताना म्हणतो, आईच्या हातची कळण्याची भाकरी."

"मंग येत काब्र नही खावाले?"

"बोलवलंत कधी?"

समाधान हातात पाना घेऊन तसाच उभा. आपण खोकावं, की गळती शोधायला जावं, की इथंच जमिनीत जावं, त्याला समजेना. दोघी बराच वेळ अशाच बोलत राहिल्या. म्हातारी पाण्याला विचारायची, ज्योती मागून उत्तर द्यायची. शेवटी भिकुबाई म्हणाली, "तुन्हा आवाज मन्ही सूनसारखाच शे."

"मीच आहे, आत्याबाई."

"माले मालूम शे. आंधयी नही मी, सावली पडेल शे तुन्ही पानीमा." म्हातारीनं सूप थोडं सरकवून दगडावर जागा केली. "पन नदीसंगे बोलनं सोपं पडस. बस. शेंगा सोल."

त्या दिवसापासून ज्योती नेमानं वर जाऊ लागली. आज पापड, उद्या शेवया, परवा नुसतंच. चुडामण आबांना दुपारची भाकरी गार मिळू लागली. त्यांनी काही दिवस सोसलं, मग काठी उचलून मोठ्या मुलीच्या नव्हे, धाकट्या मुलीच्या, पांझरेच्या, चौकशीला म्हणून बोरपाड्याला गेले. थेट चिंचटेक गाठला. खडकाखाली हात घातला, तर ठणठणीत कोरडं.

"जवाई कोठे शे?"

लोटननं डोकं खाजवलं. "कामनिमित बाहेर गयेल शे."

"आन मन्ही पोर एकली संसार करस? धुनं तीच धोस, ढोरं तीच पाजस, विहिरी तीच भरस! मोलकरीन शे का ती?" खाली घाटावर ज्योती सासूच्या केसांना तेल लावत बसली होती, ती त्यांना दिसली. आबांचा आवाज एकदम चिरकला. "दोन्ही पोरी लई लिध्यात माले न विचारता!"

घरी येऊन त्यांनी डोहावरच्या मोटारीचा फ्यूज काढून धोतराच्या सोग्याला बांधला आणि पांझरेच्या काठावर खाट टाकून बसले. समाधाननं विनवलं, ज्योतीनं विनवलं. आबा म्हणाले, मुलगी माहेरी आहे, दमली आहे, नाल्यानं स्वतः न्यायला यावं. बोरपाड्यात नाला आटला. घाटावरच्या बायका हंडे घेऊन पुन्हा टँकरमागे धावू लागल्या. लोटननं सगळं गाव घेऊन धामणखेड्यावर चाल केली. "नांदाले धाडा! नांदाले धाडा!" अशा घोषणा फाट्यावर ऐकून एसटीतल्या प्रवाशांनी खिडक्या उघडल्या.

शेवटी अभिमन महाराजांना बोलावलं. त्यांनी दोन्ही बाजू ऐकल्या. आबांना बाजूला घेतलं, काय बोलले ते कुणाला कळलं नाही, पण आबा डोळे पुसत परतले.

"गाडी अप जाते तशी डाउनही जाते," महाराजांनी जाहीर केलं. "आठवड्यातले चार दिवस सासर, तीन दिवस माहेर. तिचं आणि," त्यांनी ज्योतीकडे बोट केलं, "हिचंही. जागेवर बसून घ्या, पुढचा प्रवास लांबचा आहे."

आबांनी सोग्याची गाठ सोडली. समाधानची मात्र त्रेधा उडाली. सासरच्या दिवशी तो मोटार सुरू करायचा आणि ज्योतीबरोबर आईकडे राहायचा. माहेरच्या दिवशी मोटार बंद करून आबांकडे. दुकानावर त्यानं पाटी लावली, 'मोटार अर्जंट असल्यास नदी कुठे आहे ते पाहून यावे.' लोक खरंच पाहून यायचे.

फाल्गुनात पाचोऱ्याकडचं एक कुटुंब बोरपाड्याला मुलगा पाहायला आलं. पोहे झाले, चहा झाला. मुलीची आई कुणाला काही न विचारता उठली आणि घाटावर जाऊन उभी राहिली. होळी तोंडावर आलेली, आणि नाला खळखळ वाहत होता.

"पाणी लांबून आणावं लागतं का हो?" तिनं भिकुबाईला विचारलं.

"कसाले? आमनी सून आनस ना."

ती बाई 'कळवतो' म्हणाली नाही. तिथंच कुंकू लावून गेली. त्या उन्हाळ्यात गावातल्या तिघा-चौघांची लग्नं उरकली आणि महाराजांचा शब्द खरा झाल्याचं पंचक्रोशीत पसरलं. लोटन प्रत्येक मांडवात फेटा बांधून मिरवला. त्याचं स्वतःचं काही जमलं नाही. "तुमची गाडी चुकली, सरपंच," महाराज म्हणाले. "मागच्या गाडीला गर्दी कमी असते." लोटन हसला, आणि घरी जाऊन फेटा नीट घडी करून ठेवला.

भाद्रपदात वर डोंगरात पाऊस असा कोसळला की पांझरा एका सकाळीत दोन्ही थड्या सोडून बाहेर आली. धामणखेड्यात महादेव बुडाला, डोहावरची मोटार गेली, पाइप कुठल्या कुठे गेले. फाट्यावरच्या दुकानात पाणी शिरलं. समाधान चार मोटारी माळ्यावर टाकून घरी पळत आला, तर आबा कमरेएवढ्या पाण्यात खाटेचा खूर धरून उभे.

"चला आबा, बोरपाडाले."

"पोरना सासरनं पानीबी पेत नहीत आम्ही."

"आबा," ज्योती ओरडली, "आता ज्यात उभे आहात त्यात सासरचं पाणी नाही का?"

लोटन पिकअप घेऊन आला होता. दोघा भावांनी आबांना खाटेसकट उचलून गाडीत ठेवलं. बोरपाड्याच्या वाटेला लागले आणि समाधाननं बाजूला पाहिलं तर त्याचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. नाला उलटा चालला होता. पांझरेचं पाणी इतकं फुगलं होतं की ते मोरीतून आत शिरून बोबड्याला रेटत वर वर सरकत होतं. काटक्या, पालापाचोळा, कुणाची एक चप्पल, सगळं डोंगराच्या दिशेनं निघालं होतं. ना मोटार, ना लाइट.

"दखा आबा," लोटन खिडकीतून किंचाळला, "तिन्ही तीच चालनी!"

बंधारा पाण्याखाली गेला. बोरपाड्याच्या शिवेवर, पहिल्या बाभळीपाशी येऊन पाणी थांबलं. तिथं भिकुबाई भाकरतुकडा घेऊन उभी होती. तिनं आधी पाण्यावरून ओवाळून टाकला. मग गाडीतून उतरणाऱ्या ज्योतीवरून. मग समाधानवरून, त्यावेळी तिचा हात जरा जास्तच वेळ फिरत राहिला. मग समोर चुडामण आबा, ओल्या धोतरात, खाटेवर बसलेले. व्याह्यावरून ओवाळायची रीत कुठंच नाही. म्हातारी घुटमळली, उरलेला तुकडा पाहिला, आणि त्यांच्यावरूनही ओवाळून टाकला.

दुपारी तिच्या अंगणात कळण्याच्या भाकरी आणि ठेचा वाढला. आबा ताटाकडे पाठ करून बसले. थोड्या वेळानं आबांनी मान वळवली, एक घास मोडला. मग दुसरा. अंगणातून खाली शिवेपर्यंतचं पाणी दिसत होतं, तांबडं, पसरलेलं, कुठंही न जाणारं.

"आज नांदनी बरं का पोर," आबा म्हणाले.

"पूर उतरना का जाई," भिकुबाई म्हणाली.

"जाऊ द्या. माहेर शे तिन्हं." त्यांनी ताट पुढे सरकवलं. "याहीनबाई, भाकर शे का अजून एक?"

पाणी उतरल्यावर घरातला गाळ काढायला बरेच दिवस गेले. तोवर आबा बोरपाड्यातच राहिले, आणि गाळ निघाल्यावरही राहिले, कारण भिंती ओल्या होत्या. पारावर कुणीतरी त्यांना घरसासरा म्हणालं, तेव्हा आबाच आधी हसले. समाधानला मात्र फुरसत नव्हती. पांझरेकाठच्या सगळ्या गावांच्या मोटारी एकदम बुडाल्या होत्या. फाट्यावर दुकानापुढे चिखलानं भरलेल्या मोटारींची रांग लागली होती आणि तो एकेकीचं पोट उघडून आतलं पाणी ओतून टाकत होता.